बस जरा, तिसऱ्या

मी लगाम बोलतोय. घोड्याचा नव्हे, घोडा मी पाहिलेलाही नाही. माझा मुक्काम कॉम्प्युटरच्या पोटात. चामडं नाही, कडी नाही. एका बाईने लिहिलेल्या काही ओळी म्हणजे मी, आणि काम एकच: जो फार घाईने खरडतोय त्याचा पाय ओढायचा. माणसांत हे काम हौसेने करणारे पुष्कळ आहेत. मला मात्र खास त्यासाठीच जन्माला घातलंय.

शिक्षण बेताचंच. दोन आकडे वाचता येतात: किती चाललंय, आणि किती चालू द्यायचंय. तेवढ्यावर माझं छान भागतं.

आता जरा कान द्या. एका लोखंडी पेटीत आणखी कॉम्प्युटर चालतात, अंग नसलेले. अंग नसलं तरी काम खरं. पेटी थकली की आतला कॉम्प्युटर बंद न करता, चालत्या कामासकट, दुसऱ्या पेटीत हलवतात. म्हणजे त्याच्या मेमरीतलं पान न् पान तारेतून पलीकडे उतरवायचं. गंमत अशी की इकडे नक्कल चालू असताना आतले प्रोसेसर तीच पानं बदलत बसतात. बदललेलं पान पुन्हा पाठवा. खरडणाऱ्याचा हात तारेपेक्षा जलद असला, तर हे बिऱ्हाड जन्मात हलत नाही.

आधी हे काम माझा थोरला भाऊ बघायचा. मनाने सरळ, डोक्याने जाड. एकाने दंगा केला की सगळ्या वर्गाला उभं करणारा. मी तसा नाही. नुसतं वाचत बसलेल्याच्या वाटेला मी जात नाही. पान बदललं की प्रोसेसरला एका छोट्या यादीत नोंद करावी लागते. यादी भरली की ती रिकामी करायला तो दाराशी येतो, आणि दाराशी बसलेला असतो मी. "बस जरा," म्हणतो. जितका अधाशी, तितका जास्त वेळ बसवतो.

पण मला विचारतो कोण? दोन वर्षं मी नुसता पडून होतो. माझ्याबद्दल लिहिलेला कागद वहिनींच्या टेबलावर चहाच्या कपाखाली असायचा. माझ्या नावावर गोल डाग पडला होता, तेवढीच काय ती प्रसिद्धी.

वहिनी म्हणजे रुग्णवाहिका पाठवणाऱ्या ऑफिसातल्या पेट्या सांभाळणाऱ्या बाई. शेजारच्या खोलीत फोन घेणाऱ्या मुलींचे साहेब हे त्यांचे सख्खे दीर. त्यामुळे सगळं ऑफिस त्यांना वहिनी आणि साहेबांना भाऊजी म्हणायचं, पाण्याचे जार आणून देणारासुद्धा.

एका सकाळी अकराच्या सुमाराला पेटीचा पंखा बसला. पेटी तापायला लागली. अर्ध्या तासात ती स्वतःहून बंद पडणार, आणि सगळं पुन्हा उभं करायला वीस मिनिटं. तेवढा वेळ फोन वाजत राहतील, पण कुठल्या दारात गाडी पाठवायची ते कुणाला दिसणार नाही. वहिनींनी लगेच हलवाहलव सुरू केली.

"वहिनी, किती राहिलं?" भाऊजी दारातून.

"मघाशी राहिलं होतं तेवढंच."

"आणि मघाशी किती होतं?"

"भाऊजी, तुम्ही तिकडे बसा बघू."

वहिनींनी आधी थोरल्याला बोलावलं. त्याने चारही प्रोसेसरांच्या माना आवळल्या. शेजारच्या खोलीत फोनवरच्या मुलीने पत्ता टाईप केला, तर पडद्यावर एकही अक्षर उमटेना. पलीकडे कुणाच्या तरी आईला श्वास घेता येत नव्हता. मुलीने टेबलावरचा रुमाल ओढला आणि पेनाने त्यावरच पत्ता लिहिला. वहिनींनी थोरल्याला तिथल्या तिथे घरी पाठवलं.

मग त्यांनी चौघांची झडती घेतली. पहिला, दुसरा, चौथा गरीब बिचारे. तिसरा मात्र तारेच्या दुप्पट वेगाने खरडत होता.

"भाऊजी, तिसऱ्यावर काय चालतं?"

"माझा फळा. कुठली गाडी कुठे आहे ते दाखवतो. स्वतः केलाय."

"सेकंदाला किती वेळा नव्याने लिहितो?"

"शंभर."

"सिग्नलला उभी असलेली गाडी सेकंदात शंभर वेळा कुठे जाते हो?"

"जिवंत वाटतं ना, वहिनी."

फळा बंद करावा, तर भाऊजींनी तो फोनच्या कामाशी असा शिवून ठेवलेला की एक उसवला तर दुसराही उसवणार. वहिनींनी कपाळाला हात लावला. मग कप उचलला. डागाखालून मी वर बघत होतो.

त्यांनी मला फक्त तिसऱ्याच्या दाराशी बसवलं, आणि दोन वर्षांची हौस एका दमात भागली. तिसरा धावत दाराशी आला. बस जरा. पुन्हा आला. अरे बस, चहा घेऊन जा. बाकीचे तिघे खुशाल कामात होते. रुमालावरचा पत्ता पडद्यावर गेला.

"वहिनी, गाड्या थांबल्या!"

"गाड्या धावतायत. फळा थांबलाय. खिडकीतून बघा."

भाऊजींनी खिडकीतून पाहिलं. रुमालावरच्या पत्त्याची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. आपल्या गाड्या खऱ्या रस्त्यावर त्यांनी किती दिवसांनी बघितल्या, देव जाणे.

बाकी पानं घटत गेली. अगदी शेवटी सगळ्यांनी श्वास रोखावा तेवढंच थांबणं, आणि कॉम्प्युटर नव्या पेटीत जागा झाला. फोनवरची मुलगी म्हणत होती, "दुसरा मजला, लिफ्ट बंद, हां, पुढे सांगा." तिचं वाक्यसुद्धा तुटलं नाही. जुनी पेटी चारच मिनिटांनी विझली. संध्याकाळी फोन आला: आई घरच्यांना टोमणे मारू लागली आहे, म्हणजे बरी आहे.

माझं काम संपलं, म्हणून मला उतरवायला हवं होतं. वहिनींनी उतरवलंही. मग इकडेतिकडे बघितलं आणि नव्या पेटीत तिसऱ्याच्या दाराशी मला पुन्हा बसवलं, जरा सैल. आता फळा सेकंदाला दोनदा लिहितो. दुसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, "बघा, नव्या पेटीत फळा कसा पळतोय. डोळ्यांनाही त्रास नाही." वहिनी म्हणाल्या, "हो ना."

तेव्हापासून मी इथेच आहे, मजेत. तुम्हा वाचणाऱ्यांकडे काही मागत नाही. एवढंच करा, कधी भाऊजी भेटले तर फळ्याचं कौतुक करा, आणि माझं नाव काढू नका.