आपोआप लागणारी दारं

सालेकशाकडच्या ज्या गावात ग्यानीराम राहतो, तिथं कोणी सायकलसुद्धा चोरत नाही. अशा गावात त्यानं आपल्या जुन्या चारचाकीला गोंदियाहून चोर-अलार्म बसवून आणला. चोर काही आला नाही. शेळीनं अंग घासलं की गाडी बोंबलायची आणि ग्यानीराम ऐटीत अंगणात येऊन किल्लीच्या रिमोटचं बटन दाबायचा. आवाज पार देवळापर्यंत जातो, याचंच त्याला कौतुक.

अलार्म लागला तेव्हापासून दारांना मात्र भलतीच खोड लागली. माणूस उतरला, दार लावलं, की अर्ध्या मिनिटात चारही दारं खट्‌ करून आपोआप लॉक. किल्ली आत आहे की बाहेर, याची त्यांना काही पडलेली नव्हती. नेऊन दाखवा एकदा, असं बायको म्हणाली, तर मशिनीतलं तुले काय समजते, म्हणून त्यानं तिला उडवून लावलं.

बायकोचं, गोमतीचं, तो ऐकायचा तरी कधी? मागची पाच वर्षं ती सरपंच होती. म्हणजे सही तिची, शिक्का याच्या खिशात आणि खुर्चीवर बूड याचंच. पण विहिरीच्या कामाची चौकशी लागली तेव्हा नोटीस तिच्या नावानं आली आणि साहेबासमोर तासभर उभी राहिली तीही एकटीच. आता पंचायत समितीची जागा महिला राखीव निघाली, तशी याला पुन्हा सभापतीपदाची स्वप्नं पडू लागली. गोमती तीन वेळा नाही म्हणाली. लाजते बिचारी, असं म्हणत यानं फॉर्म लिहून काढला.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, वेळ तीनपर्यंत. सवादोनला गाडी तहसील कचेरीसमोर लागली. उमेदवाराला घाम नको म्हणून यानं एसी चालूच ठेवला, गोमतीला फाईल घेऊन मागं बसवलं आणि आत किती गर्दी आहे ते पाहायला उतरला. परत येईतो खट्‌ झालेलं. किल्ली आत, फाईल आत, उमेदवार आत. बाहेर जूनचं ऊन आणि ग्यानीराम.

त्यानं अलार्म बसवणाऱ्या विक्कीला फोन लावला. विक्की गोंदियाच्या दुकानातून आरामात बोलला, "भैया, दरवाजे का तार छूट गया होगा. दार उघडलं, हे अलार्मले समजूनच नाही राह्यलं, म्हणून लॉक मारते. अंदर कोई है क्या?"

मिसेस आहे, म्हणून ग्यानीरामनं सांगितलं.

"मग टेंशन कायचं? काचेपाशी खुटी हाय, वर ओढाले सांगा. उघडते."

ग्यानीरामनं काचेवर थापा मारून खुटी दाखवली. गोमतीनं ऐकू येत नाही अशा खुणेनं कानाला हात लावला. त्यानं चिमटीनं हवेत खुटी उपटून दाखवली. तिनंही खुटीवर बोटं ठेवली, बराच वेळ खुडबुड केली आणि मान हलवली. विक्की म्हणाला, असं होऊच शकत नाही. पण विक्कीवर कोण विश्वास ठेवतो! ग्यानीरामनं त्याला शिव्या घालून फोन ठेवला.

त्याचा उजवा हात दुधराम गुलालाची पिशवी ठेवून दगड घेऊन आला. पण फॉर्मच्या दिवशी काच फुटणं म्हणजे अपशकुन, म्हणून ग्यानीरामनं त्याला अडवलं. शिवाय समोरच्या चहाटपरीवर विरोधी पार्टीची माणसं बसली होती. तीही उठून आली. एकानं काचेच्या फटीतून पट्टी घालायला सांगितली, एकानं तार. गोमती आत गार हवेत पदर सावरून बसली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तीनला पाच कमी असताना अपशकुनाची भीती गेली आणि ग्यानीरामनं स्वतः दगड हाणला. काचेला ओरखडा गेला, पण अलार्म मात्र असा बोंबलला की कचेरीतले बाबू खिडकीत आले. दुसरा दगड उचलेपर्यंत शिपायानं कचेरीचं दार लोटून आतून कडी घातली. तीन वाजले होते.

मग गोमती पुढं वाकली. तिनं इंजिन बंद केलं, किल्ली काढली, रिमोटचं बटन दाबलं. बोंब थांबली. बोटानं खुटी वर केली, दार उघडलं आणि फाईल घेऊन उतरली.

ग्यानीराम हातातला दगड टाकून पुढं आला. म्हणाला, "काऊन वो, येत होती ना तुले खुटी उचलता? इतका वरडून राह्यलो मी!"

"तीन डाव नाही म्हणलं घरी, तुमाले आयकू नाही आलं," गोमती म्हणाली. "आज मले नाही आलं."

तिनं फाईल त्याच्या हातात दिली आणि दुधरामला म्हणाली, भाऊ, चहा सांगा.