सहाशे मैलांचे गोंडे

मैनाबाईनं कात्री चालवली आणि हिरवं लुगडं मागावरून सुटून तिच्या मांडीवर आलं. तिनं काठावरून अंगठा फिरवला. इतवारीतल्या कुठल्या दुकानात असा काठ मिळतो, ते कोणी दाखवावंच तिला.

दारात जावई मधुकरराव घड्याळ बघत उभे होते. कलकत्त्याला विमान कंपनीत नोकरी. कामानं दोन दिवस नागपूरला आलेले, आज बाराच्या विमानानं परत. उद्या सकाळी तिकडं गरोदर लेकीची, ताराची, ओटी भरायची होती. डॉक्टरनं प्रवास नको म्हटलेलं, म्हणून पोर माहेरी आलीच नाही. मेलगाडीनं धाडलं तर लुगडं ओटी उरकल्यावर पोचणार.

"मामी, आटपा. सोनेगावच्या विमानतळापर्यंत टांगा जायचा आहे अजून."

"आन् कलकत्ता किती दूर म्हणता?"

"सहाशे मैल. चार तास."

"चार घंटे! इथून रामटेकले बैलगाडीनं दिवस जाते, जवाईबापू. कोणाले सांगता?"

"खोटं वाटतं तर चला. एक जागा रिकामी आहे. कालही म्हणालो."

"मी काय घार आहो उडाले? आन् माग कोण पाहीन?"

तीन वर्षं हेच चाललं होतं. तारानं लिहायचं, आई, एकदा ये. मैनाबाईनं दिराकडून, रामाजीकडून, उत्तर लिहून घ्यायचं: रस्ता लांब, माग अडतो. एकदा नाही म्हटलं की तिच्या जिभेला मागं फिरायची सवय नव्हती.

"जा ना वं वहिनी," शेजारच्या मागावरून रामाजी म्हणाला. "मी पाहतो माग."

"तुह्या हाती देऊ? काठ वाकडा गेला तर लोकं माह्या नावानं हासतीन."

मधुकररावांनी लुगड्यासाठी हात पुढे केला. मैनाबाईनं लुगडं मागं ओढलं. पदराच्या दशा मोकळ्या लोंबत होत्या.

"गोंडे राहिले. ओटीचं लुगडं मोकळ्या दशांनी दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. आन् ते मायनंच बांधा लागते."

"किती वेळ लागेल?"

तिनं दशा बोटांत धरून मोजल्यासारखं केलं.

"चार घंटे."

"अहो, विमान बाराला सुटतं!"

"मंग विमानात बसून बांधते. काय करू, रीत हाय. मले काय हौस हाय?"

रामाजीचा धोटा मधेच थांबला. तोंडाला पंचा लावून तो उगाच खोकला. मैनाबाईनं त्याच्याकडं असं काही पाहिलं, की धोटा पुन्हा खडखडू लागला.

विमानानं जमीन सोडली तेव्हा तिनं दोन्ही डोळे घट्ट मिटले. मग एक उघडला. मग बोटं चालू लागली.

"ते बघा, रायपूर," मधुकरराव खाली बोट दाखवत म्हणाले. "एक तास झाला."

वळून पाहतात तर पदराला सगळे गोंडे, एकसारखे, घट्ट. लुगड्याची घडी मांडीवर, आणि सासूबाई काचेला नाक लावून बसलेल्या. मधुकररावांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

"राहिले किती?" तिनं मान न वळवता विचारलं.

"गोंडे?"

"घंटे."

"तीन."

"लय हळू हाकून राहिला मेला," मैनाबाई म्हणाली.