कोपऱ्यातलं बिस्कीट

आमच्या घरात तेव्हा एकाला खायचं होतं आणि घशाखाली उतरत नव्हतं. दुसरीला उतरत होतं, तर खायचं नव्हतं. पहिला माझा मुलगा, दुसरी माझी सून.

मुलाचं लिव्हर कामातून गेलं होतं. दारू नाही, विडी नाही, तरी कसला मेला आजार आतून पोखरत राहिला आणि आम्हाला कळलं तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, तोच एक उपाय. मी लगेच म्हटलं, "माझा घ्या. जन्म मी दिलाय, हेही मीच देईन." त्यांनी माझं वय विचारलं, साखर विचारली, आणि शेजारणीचा रिकामा डबा परत करावा तसं मला गोड बोलून परत केलं.

सुनेचं जुळलं. ती हो म्हणाली तेव्हा मला विचारलंसुद्धा नाही. पण तपासलं तर तिच्या लिव्हरवर चरबी. आमची बेकरी, आणि बेकरीतली सून, चरबी नाही तर काय सुकं लाकूड असणार? डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "वजन उतरवा, चरबी उतरेल. दोन महिन्यांनी ठरवू. नाही उतरली तर यांचा तुकडा मी घेणार नाही. एकाला वाचवायला दुसरीला मारू का?"

आणि तिसरं देणारं कुणी नव्हतं.

दवाखान्यातच खालच्या मजल्यावर एक आहारवाली बसायची. पेन्सिलीएवढी मुलगी. तिने सुनेच्या फोनमध्ये कॅलरी मोजायचं काहीतरी घालून दिलं. जे तोंडात जाईल ते लिहायचं, की फोन सांगणार आज किती उरलं. इथवर मला पटलं. मोजून मापून काम करायला मी कधी ना म्हणत नाही. मग ती म्हणाली, "आणि रविवारी एक जेवण मोकळं. आवडेल ते खायचं, मोजायचं नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे सुट्टी, आजी. रोज रोज आवळून धरलं की माणूस एक दिवस फुटतो आणि मग समोर येईल ते खात सुटतो."

"आजी तुझ्या घरची. अगं, लाकडाची भट्टी आहे आमची. एक दिवस विझू दिली तर दुसऱ्या दिवशी तापायला दुप्पट लाकूड खाते. आठवडाभर कमवायचं आणि रविवारी उधळायचं, हे कुठलं औषध?"

"माणूस म्हणजे भट्टी नाही हो."

"ते तू भट्टीपुढे जन्म काढून मग सांग मला."

सून माझी बाही ओढत होती. मऊ बाई आहे ती. पावासारखी, दाबली की दबते आणि सोडली की परत जागेवर येते. घरी येताना एवढंच म्हणाली, "आई, पीठ मळून मळून ठेवून नाही दिलं तर तुटतं, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"पीठ तुटलं म्हणून कुणाचा नवरा मरत नाही," मी म्हटलं.

मुलगा झोपून, म्हणजे बेकरी आम्हा दोघींवर आणि भट्टीवाल्यावर. भट्टीवाला जुना माणूस, हात सोन्याचा, पण जन्मभर तंबाखू चघळून जिभेचं चामडं झालेलं. त्याला साखर आणि साबण यांतला फरक फक्त वासाने कळतो. त्यामुळे चाखणी सुनेकडे. चाखणी म्हणजे आमच्या घराण्याचा नियम, माझ्या सासूने घालून दिलेला: चाखल्याशिवाय माल बाहेर जात नाही. गावभर लोक हे वाक्य माझ्या नावाने सांगतात. माझी साखर वाढली तसं मी ते काम तिला दिलं, आणि तिने ते उत्तम केलं. तिला मी हे सांगितलं नाही. कौतुकाने माणूस ढिला पडतो.

पहिले काही आठवडे वजन उतरलं. ती सकाळी काट्यावर चढायची आणि मी मागे उभी. उकडलेल्या भाज्या, एखाददुसरं अंडं, ताक. फोनमध्ये टकटक करून लिहायची, अर्धा चमचा तेलसुद्धा. मग काटा अडला. एक आठवडा, दोन आठवडे, सुई तिथेच. मधल्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि चष्मा काढून ठेवला. "चरबी हलली म्हणावी एवढीच हललीय. अजून एकदा बघू. महिना देते. पण यांच्याकडे," माझ्या मुलाकडे हात करून, "त्यापेक्षा जास्त वेळ नाही."

चोर मला तेव्हाच दिसला. रविवार!

पुढच्या रविवारी मी मुलाच्या खोलीत गेले. दोघं पलंगावर बसलेली, मधे एकच ताटली, त्यात लोणी लावलेल्या केकचा तुकडा. ती एक घास घेत होती, एक त्याला देत होती. आणि तो खात होता. आठवडाभर सूपाच्या वाटीकडे बघून तोंड फिरवणारा माझा मुलगा तिच्या हातचं खात होता, वर हसत होता. ते मला दिसलं, नाही असं नाही. पण डोक्यात दुसरंच पेटलं होतं. मी ताटली उचलली.

"आई!" मुलगा म्हणाला.

"काय आई? तिचा काटा हलत नाही आणि तुमचे लाड चाललेत! तुझ्या मरणाचा केक आहे हा."

सुनेच्या बोटाला लोणी होतं. ते तिने रुमालाला पुसलं, सावकाश, एकेक बोट.

"आई," ती म्हणाली, "माझ्या पोटातलं कापून देणार आहे मी. माझ्या ताटातलं तरी राहू द्यायचं होतं."

ती उठून बेकरीत गेली. मुलगा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तिला एकटीला बसवून विचारलंय डॉक्टरांनी. कधीही नको म्हणता येतं. अगदी टेबलावर झोपल्यावरसुद्धा. कारण द्यावं लागत नाही. ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक नव्हतं. पण तोंडाने म्हटलं, "माझी सून तशी नाही." आणि ताटली घेऊन निघाले.

रविवार बंद झाला. तिनेच केला. आता दोघं वेगवेगळं जेवू लागली, म्हणजे ती जेवायची आणि तो नाही. त्याच्या मनगटाची हाडं वर आली. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची: "ट्रे आला," "मैदा संपला." एवढ्या मोठ्या भट्टीशेजारी मला थंडी वाजायची.

आणि काटा? काटा जिथल्या तिथे!

आता तर माझी खात्रीच पटली. बाई चोरून खाते. रागाने खाते, मला धडा शिकवायला खाते. एक दिवस मी ठरवलंच. पहाटे भट्टी पेटली तशी स्टूल टाकून मधोमध बसले.

"आज इथेच बसणार का?" भट्टीवाल्याने विचारलं.

"तुला अडचण होते?"

"मला कसली होतेय. पाव घाबरून फुगायचा नाही, एवढंच."

मी दिवसभर डोळ्यात तेल घालून बसले. तिने सकाळी डबा उघडला, भाजी खाल्ली, फोनमध्ये लिहिलं. दुपारी ताक प्यायली, लिहिलं. मी गल्ल्यामागे बघितलं, पिठाच्या पोत्यांमागे बघितलं, ती मोरीत गेली तर तिची पर्ससुद्धा चाचपली. काही नाही. मधूनमधून ट्रे निघत होते आणि मी सवयीने विचारत होते, "चाखलंस?" ती म्हणत होती, "चाखलं. साखर बरोबर आहे." "क्रीम?" "जरा फेटायला हवं अजून." फेटलं, परत चमचा तोंडात. "आता झालं." मी मान हलवायची आणि पुन्हा चोरी शोधायला लागायची.

संध्याकाळी दुकानात माल न्यायला मी लोखंडी मांडणीपाशी गेले. खालपासून वरपर्यंत दिवसभराचे ट्रे लागलेले. बिस्किटांच्या सरळ रांगा, आणि प्रत्येक ट्रेच्या त्याच कोपऱ्यात एक भोक. खालच्या ट्रेला भोक, त्याच्या वरच्या ट्रेला भोक, त्याच्या वरच्या, थेट माझ्या डोक्याच्या वरपर्यंत भोकावर भोक. जन्मभर मी ती जागा बघत आले. रिकामी जागा दिसली की मनाला बरं वाटायचं, माल चाखलेला आहे म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, ही सगळी गेली कुठे?

एका पोटात. लोण्यातली, साखरेतली. आणि केकचं पीठ वेगळं, क्रीम वेगळं.

"अगं ए," मी हाक मारली. "हे फोनमध्ये लिहितेस?"

"काय?"

मी कोपऱ्यावर बोट ठेवलं.

ती बघतच राहिली. "चाखणी? ते कुठे खाणं आहे, आई? ते तर काम आहे."

भट्टीवाला काहीतरी बोलणार होता. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो भट्टीकडे वळला.

सुनेने तिथेच पिठाच्या पोत्यावर बसून फोन काढला आणि एका ट्रेचं एक असं लिहायला लागली. अर्ध्यावरच थांबली. हुंदका बाहेर येऊ नये म्हणून तिने तोंडावर हात धरला होता, हाताला मैदा. "एवढं? रोज? आणि मी रविवारचा तो एक तुकडा सोडला, आई. तो तुकडा सोडला मी."

मला जवळ घेऊन पाठ थोपटता येत नाही, मला तसं कुणी शिकवलं नाही. मी तिच्याशेजारी पडलेला चाखणीचा चमचा उचलून घेतला.

"उद्यापासून चाखणी बंद."

"मग माल?"

"तसाच जाईल."

"आई, लोक काय म्हणतील? तुमचा नियम—"

"नियम माझा आहे ना? मग मोडायला दुसऱ्या कुणाला बोलवू?"

बोलायला सोपं गेलं. दुसऱ्या दिवशी पहिला भरलेला ट्रे, कोपऱ्यासकट, दाराबाहेर गेला तेव्हा मला उघडं करून रस्त्यावर उभं केल्यासारखं झालं. आठवडाही झाला नाही तर एक मास्तरीणबाई अर्धा कापलेला केक घेऊन दुकानात आल्या. चार गिऱ्हाइकं उभी. "यात सोडा घातलाय की सोड्यात केक घातलाय? तुम्ही म्हणे चाखल्याशिवाय देत नाही?"

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. त्या बाईंच्या सात पिढ्यांना पुरली असती. मागे दारात सून उभी होती, तिने बघितलं मी काय करते ते.

"चुकलं," मी म्हटलं. "दुसरा करून देते."

काट्याची सुई हलली. पण दिवस थोडे उरले होते. शेवटचा रविवार आला तेव्हा मी स्वतः केक केला, लोणी हात राखून नाही घातलं. तुकडा कापून मुलाच्या खोलीत नेला आणि सुनेला हाक मारली.

तिने ताटली बघितली आणि दोन पावलं मागे सरली. "नको, आई. दोन दिवसांवर तपासणी आहे. एवढ्यावरून अडलं तर?"

"एका तुकड्याने अडत नसतं. आहारवालीने सांगितलंय."

"तुम्ही तिचं ऐकता?"

"मी कुणाचं ऐकत नाही. बस."

"आणि खरंच अडलं तर?" ती ताटलीकडे बघत म्हणाली. "मग म्हणाल, तुझ्यामुळे."

तेवढं मात्र लागलं. खरं होतं म्हणून लागलं. मुलगा उशीला टेकून माझ्याकडे बघत होता, पिवळ्या डोळ्यांनी, आता काय बोलते ही म्हणून.

"अडलं तर माझ्यामुळे," मी म्हटलं. "केक मी केलाय, ताटली मी आणलीय. हा साक्षीदार. पण हा आठवडाभर जेवला नाहीये, आणि तुझ्या हाताशिवाय जेवणार नाहीये. आता खा म्हटलं ना!"

ती बसली. पहिला घास तिने कितीतरी वेळ तोंडात धरला. मग म्हणाली, "साखर किंचित जास्त झालीय."

मुलगा हसला. त्याने तोंड उघडलं.

ते दोन दिवस मी काट्याकडे गेले नाही. तपासणीच्या दिवशी बाकावर बसून माझ्या पिशवीचा बंद मी पार उसवून टाकला. डॉक्टरीणबाईंनी कागद वर धरला, खाली ठेवला, पुन्हा वर धरला. मला वाटलं आता चष्मा काढतील. नाही काढला. "जमेल," म्हणाल्या. "तारीख घ्या."

ऑपरेशनच्या दिवशी सुनेला आधी आत नेलं. दारापाशी ढकलगाडी थांबली आणि एका परिचारिकेने पुन्हा एकदा विचारलं, "तुमची अजून तयारी आहे ना? नको असेल तर आत्ताही सांगा." मी भिंतीकडे बघत होते. मला तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

"भूक लागलीय," सून म्हणाली. "लवकर चला."

दिवस मावळता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. दोघं ठीक होती. तिचा तुकडा त्याच्यात बसला होता आणि कामाला लागला होता. मग माझ्याशेजारी बसून, लहान मुलाला सांगावं तसं त्या मला सांगायला लागल्या, की सुनेची काळजी करू नका, लिव्हर उरतं तेवढंच राहत नाही, विश्रांती मिळाली की ते आपोआप वाढतं, पुन्हा पूर्ण होतं.

पीठही ठेवून दिलं की वाढतं. हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पण त्यांना मी शेवटपर्यंत बोलू दिलं.