शांघायची नोकरी

अमेरिकेतल्या आपल्या कॅरी गावातल्या मराठी घरांत चहाला उकळी यायच्या आत एक प्रश्न हमखास येतो: मुलं काय करतात? वीणाताईंचं उत्तर वर्षभर तयार होतं. लेक सई शांघायला कन्सल्टिंगमध्ये आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची!

मूठ उघडली असती तर खरं बाहेर आलं असतं. सई चीनच्या गान्सू प्रांतात, एका धुळीनं माखलेल्या खेड्यात, नुसत्या राहण्याजेवणावर मुलांना इंग्रजी शिकवत होती. सकाळी मुलं अंगणात उभी राहून मोठ्यानं धडे म्हणत, मग पाणी शिंपडून वर्ग झाडत. थंडीत कोळशाची शेगडी आळीपाळीनं पेटवत. सई दुपारी त्यांच्याबरोबर बटाटे आणि नूडल्स खायची आणि दिवसभर एका मोठ्या एनॅमलच्या मगमधून गरम पाणी पीत हिंडायची. २००६च्या उन्हाळ्यात ती सुट्टीवर घरी निघाली तेव्हा मुलांनी तो मग ठेवून घेतला. परत आलात की देऊ, म्हणाली.

आणि परत जाण्याचंच अडलं होतं. सप्टेंबरात शाळा उघडणार होती. आई मनापासून ‘जा’ म्हणाली तरच जायचं, असं सईनं ठरवलं होतं. वीणाताई मात्र नोकरीच्या जाहिराती प्रिंट करून तिच्या उशाशी ठेवत. एक वर्ष वाया गेलं तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं.

आता गंमत पाहा. याच वीणाताई दर रविवारी लायब्ररीतल्या खोलीत एक पैसा न घेता मराठी शाळा चालवत, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! त्या रविवारी घसा बसला म्हणून त्यांनी सईला मदतीला नेलं. सईनं पोरांना उभं करून बाराखडी मोठ्यानं, एका सुरात म्हणून घेतली. एरवी टेबलाखाली गेम खेळणारेही ओरडू लागले. लायब्ररीची बाई दोनदा डोकावून गेली.

वर्ग सुटल्यावर मुलाला न्यायला राजारामकाका आले. त्यांची कंपनी शांघायला ऑफिस ओपन करत होती. सई तिच्या फर्ममध्ये ओळख करून देईल का, असं त्यांनी विचारलं. सईनं आईकडे पाहिलं. वीणाताईंनी बसक्या आवाजात परस्पर सांगून टाकलं, देईल ना, ईमेल करेल. सई वळून फळा पुसू लागली.

भारतातून आपल्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या सुमित्रामावशी नातीबरोबर मागे बसल्या होत्या. सईनं त्यांना सगळं खरं सांगितलेलं होतं. राजाराम बाहेर पडताच त्यांनी वीणाताईंना शेजारी बसवलं.

"वीणा, तू इथे फुकट शिकवतेस, त्याला काय म्हणतेस?"

"समाजसेवा."

"आणि लेक तेच रोज करते, ते वर्ष वाया? लोका सांगे ब्रह्मज्ञान, तशी गत झाली तुझी."

"मावशी, इथली मुलं आपली आहेत. तिकडे आपलं कोण आहे? लोक म्हणतील, एवढं शिकून खेड्यात मास्तरीण झाली."

"लोकांचं राहू दे. आईला आपली लाज वाटते, हे तिनं आत्ता उभ्याउभ्या ऐकलं. आणि आज तुझी पोरं ज्या पद्धतीनं बोलती झाली ना, ती तिला त्या खेड्यानंच शिकवली."

वीणाताईंनी वर पाहिलं. फळा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी सई तो पुसतच होती. त्यांना लाज वाटली, पण या वेळी स्वतःची.

त्या तडक पार्किंगमध्ये गेल्या. राजाराम गाडी सुरू करत होते.

"राजाराम, सई शांघायला नाहीये. गान्सूतल्या एका खेड्यात ती मुलांना शिकवते."

आवाज बसलेला, त्यामुळे राजारामना ऐकू गेलं नाही. वीणाताईंना ते पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा त्यांनी सगळं बळ एकवटून सांगितलं, आणि दारात उभ्या असलेल्या सईनंही ते ऐकलं.

मंडळी, आपण रविवारी केली तर सेवा आणि मुलांनी आयुष्यातली वर्षं दिली तर वेडेपणा, हे कुठलं माप? शिकवण्याची किंमत पगारावरून आणि गावाच्या नावावरून ठरत नाही. ज्या कामाची मुलांना लाज नाही, त्याची लाज आईबापांनी का बाळगावी?

वीणाताई परत आल्या आणि त्यांनी सईच्या हातातलं डस्टर काढून घेतलं.

"पुरे आता. घरी जाऊन तिकीट बघू. तुझा मग तिथं अडकलाय ना?"