भाऊ आपणहून श्वास घेऊ लागला

मित्रांनो, मी एक जुनी श्वासपिशवी आहे. रबराची, लहानशा भोपळ्याएवढी. पेशंटचा श्वास थांबला की मला हाताने दाबून त्याच्या छातीत हवा भरतात. कारखान्यातून निघाले तेव्हा काळीभोर, तुकतुकीत होते. एका लहान इस्पितळात, भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली मी कामाला लागले.

एका सकाळी तिथे शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं अपेंडिक्स काढलं. घशात नळी घालण्याआधी त्यांना स्नायू सैल करणारं औषध दिलं होतं. त्याचा असर दहाएक मिनिटांत उतरतो. पण टाके पडले तरी बाईंची छाती हलेना. श्वास देणारं एकुलतं यंत्र दुसऱ्या पेशंटला लावलेलं. डॉक्टरीणबाईंनी मला उचललं. बाईंना झोपेतच ठेवून त्या मला दाबत राहिल्या. त्यांचे हात भरून आले की नर्सताई दाबायच्या.

"साधं अपेंडिक्स म्हणाला होतात ना?" बाईंच्या थोरल्या भावाने दारातून विचारलं.

"श्वास आम्ही देतोय. धीर धरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला दाबण्याचा ठेका त्यांनी चुकू दिला नाही.

चौथ्या तासाला माझ्यातली हवा कुणीतरी आपणहून ओढली. बाईंचा श्वास परत आला होता!

सगळ्यांनी हुश्श केलं, पण डॉक्टरीणबाईंना चैन पडेना. त्यांनी बाईंचं रक्त तपासायला पाठवलं. ते औषध मोडून काढणारं द्रव्य त्यांच्या रक्तात धड तयारच होत नव्हतं. ही ठेवण आईवडिलांकडून आलेली, म्हणून त्यांनी भावालाही बोलावलं. त्याचा धंदा घरसामान हलवण्याचा.

"मला काय धाड भरलीय? दिवसाला वीस कपाटं उचलतो मी."

"हा रोग नाही हो. एरवी जन्मभर कळायचंही नाही. या एका औषधाशीच तुमच्याही रक्ताचं वाकडं असू शकतं."

भावाचं रक्त तपासलं, तर त्यातही तेच निघालं. बाईंनी कापडी पाकीट शिवलं, त्यात 'हे औषध देऊ नये' अशी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घातली आणि ते त्याच्या गळ्यात अडकवलं.

पुढे नवी यंत्रं आली. मी खालच्या खणात धूळ खात पडले. आणि एके दुपारी त्याच भावाला अडकलेल्या हर्नियासाठी आणलं. भूल देणारे डॉक्टर नवे होते. त्यांनी तेच औषध सुईत भरलं.

"आधी त्याच्या गळ्यातली चिठ्ठी वाचा," भावासोबत आलेल्या बाई डॉक्टरांची वाट अडवून म्हणाल्या.

डॉक्टरांनी ती वाचली, सुई बाजूला ठेवली आणि दुसरं औषध निवडलं. नर्सताईंनी मला धुऊन, तपासून भावाच्या उशाशी ठेवलं. ऑपरेशन आटोपलं. थोड्याच वेळात भाऊ खोकला, आणि मोठा श्वास घेऊन झोपेतच ओरडला, "सांभाळून उतरवा रे, आरसा आहे!"

सगळी खोली हसली. मला कुणाला एकदाही दाबावं लागलं नव्हतं, पण एवढी धन्य मी कधीच झाले नव्हते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू धुऊन-पुसून हाताशी ठेवा. आणि तुमच्या घरात कुणाला एखादं औषध बाधलं असेल, तर मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका, आपण होऊन सांगा.