शनिवारी थांबणारा घाणा

इस्पितळातल्या माझ्या पहिल्या दिवशी सॉलोमन आजोबांना पट्ट्याने खाटेला बांधलं, ते मीच. हे आधीच सांगते. पुढे मी नर्सबाईंवर कितीही आग पाखडली, तरी मला कोणी सोवळी समजू नये.

साल १९९४. रोहा सोडून इस्रायलला येऊन मला दोन वर्षं झाली होती. नर्सिंग शिकत होते आणि एका इस्पितळात बिनपगारी मदतीला जात होते. सॉलोमन पेणकर तिथे सहा वर्षं पडून होते. त्यांच्या कागदावर लिहिलेलं: 'निरर्थक बडबड. भटकतो.' पट्टा नसला की पहाटे उठून ते खाट ओढत खोलीच्या मधोमध आणायचे आणि तिच्याभोवती गोल गोल फिरायचे. त्यांना कुलपाच्या वॉर्डात टाकायचं का, हे डॉक्टर रविवारी ठरवणार होते.

निरर्थक बडबड! माणूस मराठी बोलत होता. पस्तीस वर्षं या देशाच्या कारखान्यात घासला, म्हातारपणी हिब्रू तेवढी गळून गेली, तर लगेच वेडा?

बुधवारी मी पट्टा सोडला. ते उठून फिरायला लागले.

"आजोबा, कोणाला हाकताय?"

"बैलाला. तुला हाकीन काय गो? कुठली तू?"

"रोह्याची. शीरा."

"मग शेठाणीसारखी उभी काय? घाण्यात तीळ घाल!"

मी रिकाम्या ओंजळीने तीळ घातले. खाट लाकडासारखी कुरकुरली. खिडकीबाहेरची वाळू ओली होत गेली, पेणच्या मिठागरासारखी चमकायला लागली. तिच्यावर एक बगळा उतरला. औषधांचा वास मागे सरला आणि कोमट तेलाचा वास आला. घाणा मी जन्मात पाहिला नव्हता, पण पाय आपोआप फेरा धरून चालले.

"बैलाच्या आडवी येऊ नको," आजोबा म्हणाले.

आणि मला आठवलं. रोह्याच्या शाळेत पोरं मला 'शनवार तेली' म्हणून चिडवायची. आमचे, कोकणातल्या ज्यूंचे, पूर्वज तेल गाळायचे आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, पाळून शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते नाव. त्यापायी मी एकीचे केस उपटले होते.

तडक मोठ्या नर्सबाईंकडे गेले. "शनिवारी या. पट्टा न लावता बघा, ते फिरणार नाहीत."

"वेड्याला वार कळतो?"

"तुम्हाला कळतो? शब्बाथला विस्तव पेटवायचा नसतो, तुम्ही सिगारेटी ओढता!"

हाकलणारच होत्या. पण आल्या.

शनिवारी खाट भिंतीलाच. आजोबा मांडीवर हात ठेवून बसलेले.

"दमला असेल," बाई म्हणाल्या. दुपारी पुन्हा आल्या, संध्याकाळी पुन्हा. आजोबा हललेले नव्हते.

उजेड गेला तसं त्यांनी विचारलं, "तारे आले काय गो?"

मी खिडकीतून मोजले. "तीन आले, आजोबा. शब्बाथ संपला."

म्हातारा उठला आणि खाट ओढायला लागला. बाईंनी एकदा आकाशाकडे पाहिलं. मग खाटेचं दुसरं टोक उचललं.

रविवारी डॉक्टरांनी कागद मागितला. बाईंनी 'भटकतो' खोडून लिहिलं होतं: 'काम करतो. शनिवारी सुट्टी.' कुलपाच्या वॉर्डाचा विषय तिथेच संपला.

त्या दिवशी आजोबांनी माझ्या पसरलेल्या हातावर हात तिरपा केला, भांड्यातून ओतावं तसा.

"केसांना लाव गो. पार वाळलेत."

मी लावलं. पट्ट्याची माफी मागायची मात्र राहिलीच.