जागेचा रकाना

किल्ली फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा तीन सेकंद लागतो आणि विझतो. मी मोजलं आहे. तो विझला, म्हणजे करकचून ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊन गाडी घसरणार नाही. गेले चार महिने हा दिवा मधूनच चालत्या गाडीत लागायचा, आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की गायब.

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली. सवयीनं वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, तापमान, वेग, रस्ता ओला की कोरडा. अकरा नोंदी झाल्या. त्यांतून काहीच निघेना.

गॅरेजच्या मिस्त्रींनी दोनदा गाडी तपासली होती. यंत्र दोन्ही वेळा एकच सांगत होतं: पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडून मधेच सिग्नल येत नाही. त्यांनी प्लग साफ केला, वायर मोजली. आकडा अगदी बरोबर.

"इथं आली की शहाण्यासारखी वागते," ते म्हणाले. "डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते ना, तसं."

"मग सेन्सरच बदला."

"आणि दोष दुसरीकडे निघाला तर? तुम्हीच म्हणाल, मिस्त्री अंदाजपंचे काम करतो." त्यांनी माझी वही चाळली. चष्मा कपाळावर ढकलला. "मॅडम, हे अकराच्या अकरा रविवार आहेत. साडेदहा ते अकरा. जाता कुठं?"

"अशीच. फेरी मारायला."

"तापमानसुद्धा लिहिलंत, आणि जागा नाही? वहीतही हातचं राखता होय?"

प्रयोगशाळेत नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी हेच सांगायची: नमुना कुठून घेतला ते बाटलीवर आधी लिहा, नाहीतर बाकीचे आकडे फेकून द्या.

"चला, दाखवते," मी म्हणाले.

मिस्त्री शेजारी बसले. मांडीवर यंत्र, पडद्यावर चार चाकांचे चार वेग. सरळ रस्त्यावर चारही आकडे सारखे. चौक झाला, पूल झाला, खडबडीत रस्ता झाला. काही बिघडेना. मग मी टेकडीखालच्या अरुंद गल्लीत गाडी घातली. गल्ली पुढे बंद होते. शेवटच्या घराला निळं फाटक आहे.

"इथं कोण?"

"माझी ताई."

दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले, तेव्हा ताईनं विचारलं होतं, वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, येतेस का राहायला? मी म्हटलं, विचार करून सांगते. तिनं पुन्हा विषय काढला नाही. फोन होत, पण औषधांचे आणि हवेचे. मी मात्र दर रविवारी सांगायला म्हणून निघते. कधीकधी शुक्रवारपासून मी मोठ्यानं एक शब्दही उच्चारलेला नसतो. फाटकाशी आले की वाटतं, इतक्या उशिरा ते आमंत्रण अजून शिल्लक तरी असेल का? पहिलं वाक्य जुळत नाही. मग मी गाडी वळवते.

"उतरायचं का?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही. इथं मी वळते."

स्टिअरिंग उजवीकडे शेवटपर्यंत फिरवलं. दिवा लागला. मिस्त्रींनी पडदा माझ्याकडे केला. तीन चाकं फिरत होती, चौथ्यापुढे शून्य होतं.

"वळणात बाहेरचं चाक सगळ्यात जास्त पळतं," ते म्हणाले, "आणि हे म्हणतंय, मी उभं आहे!"

खाली उतरून त्यांनी चाकामागे हात घातला. वायर चिमटीत धरून वाकवली. "वरून धड आहे, आत तुटलीय. चाक सरळ असलं की टोकं टेकलेली राहतात. पूर्ण वळलं की वायर ताणली जाते आणि टोकं सुटतात. मी गाडी सरळ उभी करून मोजत बसलो, चूक माझी. एवढं दुसरीकडे कुठं वळत नाही ना तुम्ही?"

"नाही. फक्त इथं."

वरची खिडकी उघडली.

"काय गं, आज मंगळवारी कशी वाट चुकलीस?" ताईचा आवाज. "उतरणार आहेस, की नेहमीसारखी नुसतीच गाडी वळवणार?"

"तुला माहीत होतं?"

"डोळे फुटलेत का माझे? दर रविवारी दोन कप चहा टाकते. अकरा वाजले की दुसराही मीच पिते."

"मग हाक का नाही मारलीस?"

"विचार करते म्हणाली होतीस. म्हटलं, करू दे. लहानपणापासून तुला एक गणित दोनदा करून बघायची खोड."

मिस्त्री मान खाली घालून, सापडलेली वायर नव्यानं शोधू लागले.

मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, दिवा विझला. दार उघडून गल्लीत उभी राहिले.

"ताई," मी म्हणाले, "मी येते. राहायला."